मेलेल्या गाईची राखण

सरकारी नोकरी आमच्या घरात पिढीजात आहे. आजोबा महसुलात होते, वडील बांधकाम खात्यात, एक काका शाळाखात्यात. बालाघाटातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं आता जेमतेम उरली आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी सकाळी डबा घेऊन कचेरीत जातं. मी गुरांची डॉक्टर झाले तेव्हा मात्र आईचा चेहरा उतरला. पाहुण्यांना ती "डॉक्टर आहे" एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची. मी दौऱ्यावरून परतले की मला अंगणातल्या नळाशी थांबवायची, कारण माझ्या कपड्यांना चुना लागलेला असायचा आणि चुन्याखाली आणखी एक वास असायचा. तो कशाचा हे तिनं कधी विचारलं नाही. माझी मुलगी नाक धरून हिंदीत विचारायची, "मम्मी, आज कौन मरा?"

तो चुना मंडळाचा होता. मंडळ म्हणजे राजधानीतलं एक राज्यस्तरीय मंडळ. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, ते मी देणार नाही. गुरांचे रोग, जंगली जनावरांनी केलेलं नुकसान आणि या दोन्हींवर होणारा खर्च हे सगळं एकाच ठिकाणी पाहिलं जावं म्हणून ते नेमलं होतं. कल्पना वाईट नव्हती. गुरांचं खातं आणि जंगलाचं खातं एकमेकांशी बोलत नाहीत, ही आमची जुनी रड होती. मंडळ झाल्यावर दोन्ही खाती एका टेबलाशी बसायला लागली. बोलेनात मात्र तशीच.

बैठक राजधानीत व्हायची आणि आम्ही तालुक्याचे डॉक्टर कलेक्टर कचेरीच्या हॉलमध्ये पडद्यासमोर बसायचो. आमचा माइक बंद असायचा. ज्या वर्षी गुरांच्या अंगावर गाठी येणारा लम्पीचा रोग पसरला, त्या वर्षी मंडळानं ठरवलं की जनावर कशानंही मरो, ते त्याच दिवशी खोल खड्डा करून, चुना टाकून पुरायचं. खड्ड्यासाठी जेसीबीचं भाडं मंजूर झालं, चुना मंजूर झाला. त्याच बैठकीत पुढचा विषय आला वाघानं मारलेल्या गुरांच्या भरपाईचा. खोटे दावे फार येतात, रोगानं मेलेली गुरं जंगलात ओढून नेतात, अशी कुणीतरी तक्रार केली होती. म्हणून असं ठरलं की डॉक्टरनं स्वतः जागेवर जाऊन पाहायचं. जनावर पडलं तिथेच असलं पाहिजे, कुणी हात लावलेला नको आणि मानेवर दातांची खूण स्पष्ट दिसली पाहिजे. नसेल तर भरपाई नाही.

दोन्ही निर्णय वेगवेगळे वाचले तर शहाणपणाचे वाटतात. एकत्र वाचले की वाघाचं काय, हा प्रश्न उरतो. मी हात वर केला, बराच वेळ वरच ठेवला, शेवटी कुणीतरी माइक सुरू केला. मी म्हणाले की वाघ एक गाय मारतो ती एका दिवसासाठी नसते. तो परत परत येऊन ती खातो आणि ती संपेपर्यंत दुसरी मारत नाही. आपण त्याच्या पुढ्यातलं रोज उचलून पुरलं तर तो काय करेल? पडद्यावरचे एक सदस्य नम्रपणे म्हणाले, "मैडम, यह वन्यजीव वाला बिंदु है, अगले विषय में लीजिए." पुढच्या विषयात मी पुन्हा हात वर केला. तेव्हा तेच गृहस्थ तितक्याच नम्रपणे म्हणाले, "दफनाने का निर्णय तो हो चुका है." माझ्या शेजारच्या डॉक्टरनं माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मला तेव्हा जो संताप आला होता तो आजही गेलेला नाही.

माझ्याकडे तिरोडीच्या बाजूचा पट्टा होता. वारासिवनी, कटंगी ओलांडून पुढे गेलं की रस्त्याच्या एका अंगाला मँगनीजच्या ट्रकांची लाल धूळ आणि दुसऱ्या अंगाला जंगल. त्या जंगलाला अगदी चिकटून एक गाव आहे. गाव मध्य प्रदेशात, पण सोयरीक सगळी पलीकडे, महाराष्ट्रात. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मी त्यांच्याशी मराठीत बोलते म्हणून तिथं मला जरा जास्तच मान होता.

या गावच्या गुराख्याभोवती हे सगळं घडलं. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. सकाळी सगळ्या गावची गुरं गावाबाहेरच्या आखरावर जमतात, तिथून गायकी ती जंगलात चरायला नेतो आणि दिवे लागायच्या आधी परत आणतो. हा गायकी पन्नाशीतला, उंच, मिश्यांना तेल लावणारा आणि भयंकर बोलका माणूस. त्याला कुणी ऐकणारं हवं असायचं आणि गुरं काही उत्तर देत नाहीत. मी त्याला मामा म्हणायचे. तो मला डाक्टरीनबाई म्हणायचा आणि गावातल्या प्रत्येक जनावराचं पोट, खूर आणि स्वभाव यांची न विचारता माहिती द्यायचा. त्यातली अर्धी चुकीची असायची.

पूर्वी वाघानं गाय मारली की गायकी एक हिरवी डहाळी तोडून तिच्यावर टाकायचा आणि मागे न बघता गावात यायचा. मग बरेच दिवस त्या बाजूला कुणी गुरं नेत नसे, लाकडाला बायाही जात नसत. "त्याची झाली," असं म्हणायचे. मालकीण गायक्याच्या दारात येऊन शिव्या द्यायची, त्याच्या वर्षाच्या मजुरीच्या धानातून काही कापून घ्यायची आणि विषय संपायचा. भरपाईच्या मागे कुणी फारसं लागत नसे, कारण ती मिळेपर्यंत दुसरी गाय म्हातारी व्हायची.

मंडळाच्या निर्णयानंतर भरपाई खरोखरच लवकर मिळायला लागली, हेही सांगायला हवं. शेजारच्या गावात एकाला मिळाली आणि ती बातमी सगळीकडे गेली. मामाच्या गावातल्या पहिल्या गाईला मात्र मिळाली नाही. मी पोहोचेपर्यंत गावच्या कुत्र्यांनी मान खाऊन टाकली होती. मला दातांची खूण दिसली नाही, आणि जे दिसलं नाही ते मला लिहिता आलं नाही. मालकिणीनं सगळा राग मामावर काढला. तो तिथेच मान खाली घालून उभा होता. एवढा बोलका माणूस गप्प उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या खेपेला गेले तर मेलेल्या गाईशेजारी खाट टाकलेली. खाटेवर मामा, डोक्यावर काळी छत्री, गालात तंबाखूचा खर्रा, हातात पितळी थाळी आणि लाकडी दांडकं.

"या, या डाक्टरीनबाई," तो म्हणाला. "कुत्र्याले नाई येऊ देल्लं, कावळ्याले नाई येऊ देल्लं. पाहा, कशी जशीच्या तशी हाय."

"मामा, तुम्ही इथं कधीपासून बसलात?"

"मारली तवापासून. खळ्यावर धानाची राखण नाई करत का आपन? तशीच राखण."

माझ्याबरोबर नाकेदार होता, म्हणजे जंगलखात्याचा बीटगार्ड. शांत, मंडला बाजूचा पोरगेला माणूस. त्यानं खाटेभोवती फिरून जमीन पाहिली आणि मला हळूच एका झुडपामागे नेलं. ओल्या मातीत पंजे होते. खाटेच्या पायांपासून ते इतके जवळ होते की मी अभावितपणे मागे सरकले.

"मामा, तो परत आला होता," मी म्हणाले.

"आलता ना. त्या तिकडं बसला होता. मी थाळी वाजवली तं गेला." आणि मग जरा ऐटीत, "डरते तो मले."

मी मान पाहिली, दातांची खूण पाहिली, सही केली. जेसीबी आलं, खड्डा झाला, गाय खाली गेली, चुना पडला. सगळं नियमाप्रमाणे झालं. मालकीण मामाला चहा पाजायला घरी घेऊन गेली. जीपमध्ये बसल्यावर नाकेदार म्हणाला, "मैडम, उसने तो अभी मुँह भी नहीं लगाया था." मी गुरांची डॉक्टर आहे, जनावराची भूक मला कळते.

त्यानंतरची गाय लवकरच गेली. आणि ती जंगलात आत नाही, जंगल आणि गाव यांच्यामधल्या नाल्याच्या अलीकडे गेली. तिथेही खाट होती. यावेळी मामानं निळा प्लास्टिकचा कागद चार काठ्यांवर ताणून मांडवच घातला होता. गावातले दोघंतिघं गप्पा मारायला येऊन बसले होते. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते आणि माझी नजर सहज समोर गेली. झाडांच्या मधून मला मागच्या खड्ड्यावरचा पांढरा चुना दिसत होता. पहिल्या जागेवरून दुसरी जागा दिसावी इतकं ते अंतर कमी होतं आणि नवी जागा गावाच्या बाजूला सरकलेली होती. मी वळून पाहिलं. दुसऱ्या बाजूला गावची कौलं दिसत होती.

मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. ती कामाची काळजी नव्हती, साधी भीती होती. बालाघाटला घरी जेवताना मला तो पांढरा डाग दिसायचा. मी मंडळाला लिहिलं. उत्तर आलं की विषय तपासणीत आहे. मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं की हा रोगाचा मुद्दा आहे की नुकसानीचा, कारण त्या दोन्ही बाजू वेगवेगळी माणसं बघतात. मी म्हणाले, हा वाघाच्या पोटाचा मुद्दा आहे. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मामाला मी नीट समजावलं. रागावून सांगितलं, गोड बोलून सांगितलं. त्याची बायको डबा घेऊन यायची, बारीक अंगाची, फार न बोलणारी बाई. तिला मी मामी म्हणायचे. तिनंच एकदा मला जीपपाशी गाठलं.

"तुमी सांगा त्याईले. माहं नाई आयकत. तुमचं आयकतीन."

"सांगते मामी."

"पयले थाळी वाजवली का पळे तो. आता नाई पळत. बसून रायते. पाहात रायते." तिनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "जेवन वाढाची वाट पाहाव तसा."

मी मामाकडे गेले. म्हणाले, "मामा, तुम्ही त्याच्या ताटाशी बसता. हे बरं नाही. पुढच्या वेळी बसायचं नाही."

"मंग कुत्रे खातीन. तुमी खून नाई पाह्यली तं सही कराल का?"

"नाही करता येणार."

"मंग?" त्यानं दोन्ही हात पसरले. "बसा लागनच ना."

खरं म्हणजे त्याला बसायला आवडायला लागलं होतं, हेही मला दिसत होतं. आयुष्यभर ज्याला गावानं गुरांमागचा माणूस म्हणून पाहिलं, त्याच्या खाटेशी आता नाकेदार येत होता, डॉक्टर येत होती, त्याचा जबाब लिहून घेतला जात होता. मालकिणी शिव्या द्यायच्या बंद झाल्या होत्या. ग्रामसभेत राखणीच्या पाळ्या ठरल्या, पण मामा दुसऱ्याची पाळी असली तरी स्वतःच बसायचा. "त्याईले नाई समजत," म्हणायचा. वाघ हा त्याच्या ओळखीचा झाला होता. तो त्याच्याविषयी एखाद्या हट्टी गोऱ्ह्याविषयी बोलावं तसा बोलायचा.

एकदा भर दुपारी मी आणखी एका गाईच्या मानेवरच्या खुणा पाहत वाकले होते आणि वरच्या येनाच्या झाडावरून वानरं खाकरायला लागली. एक, मग सगळी. गप्पा थांबल्या. जेसीबीवाल्यानं इंजीन बंद केलं. वानरं एकाच दिशेला बघून ओरडत होती आणि ती दिशा आमच्यापासून दगड मारायच्या टप्प्यावर होती. गवत हललं नाही, काही दिसलं नाही. "यहीं है," नाकेदार पुटपुटला. मामा खाटेवर आडवा पडला होता तो उठलासुद्धा नाही. त्यानं थाळी एकदा वाजवली, मग हसून म्हणाला, "बसला असन. आपलं काम झाल्याबिगर नाई येत तो." कुणीच हसलं नाही. मी घाईनं सही केली, ती वाकडी आली.

धानकापणीचे दिवस होते. बांध्या, म्हणजे आमच्याकडची धानाची लहान लहान शेतं, पिवळी झाली होती आणि सगळं गाव कापणीला बाहेर असायचं. त्याच सुमारास मंडळ स्वतः बालाघाटला यायचं ठरलं. पडद्यावर नाही, प्रत्यक्ष. कचेरीच्या भिंतींना रंग दिला गेला. मला सांगण्यात आलं की माझ्या पट्ट्यात त्या वर्षी एकच दावा बाद झाला होता, तोही अगदी सुरुवातीला, आणि मंडळाला हे कसं जमलं ते ऐकायचं आहे.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी साडीच्या निऱ्या करत होते आणि मामाचा फोन आला. गावाबाहेर पडल्यावर लागते ती बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, तिच्या काठाशी गाय मारली होती. आखरावरून हाक ऐकू जाईल इतक्या जवळ.

"मामा, मला आज बैठक आहे. मला उशीर होईल. ऐकताय ना? तुम्ही बसू नका. काय व्हायचं ते होऊ दे, मी बघते सहीचं. घरी जा."

"हौ, हौ. तुमी या आरामात."

"घरी जा मामा."

"हौ ना. काहून घाबरता? जेसीबीवाल्याले पन फोन करून देल्ला मी." आणि फोन ठेवला.

मी नाकेदाराला फोन लावला. तो दुसऱ्या बीटवर गेलेला होता, म्हणाला निघतो. मग मी बैठकीला गेले.

तिथं मंडळाचे सदस्य रांगेत बसले होते, प्रत्येकापुढे काजूची वाटी. पडद्यावर बोलणारे ते नम्र गृहस्थ प्रत्यक्षातही नम्र होते. माझ्या पट्ट्याचा विषय आला तेव्हा अध्यक्षांनी स्वतः सांगितलं की या भागातल्या ग्रामस्थांनी मृत पशूजवळ पहारा देण्याची स्वतःची पद्धत काढली आहे, लोकसहभागाचं हे उत्तम उदाहरण आहे आणि ते इतर जिल्ह्यांतही न्यायला हवं. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, तो पहारा थांबवा. तिथं माणूस मरेल." अध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हणाले की मॅडमची सूचना नोंदवून घ्या. मग पुढचा विषय सुरू झाला, पुढच्या वर्षीच्या चुन्याच्या तरतुदीचा. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. परवानगी मागितली नाही.

कटंगीच्या पुढे रेंज जाते. नाकेदाराचा फोन मला तिरोडीच्या वळणावर लागला. त्यानं नुसतं "आप कहाँ तक आ गईं" एवढं विचारलं. त्यावरून मला कळलं. ड्रायव्हरलाही कळलं असावं, कारण त्यानं गाडीचा वेग कमी केला.

बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेतांमधल्या बांधांवर, माणसं उभी होती. हातात विळे तसेच होते. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं, मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. ती बाजूला झाली आणि त्यांनी मला वाट करून दिली, जशी दर वेळी द्यायची. बोडीच्या काठाशी गाय पडली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर खाट उलटी झालेली होती आणि खाटेपलीकडे मामा होता.

वाघानं त्याला खाल्लं नव्हतं. कापणीवाल्यांनी ओरडत धावत येऊन वाघाला हाकललं होतं, पण तोवर सगळं झालं होतं. मामाचे डोळे उघडे होते. माझी नजर सवयीनं मानेकडे गेली. तिथं त्याच खुणा होत्या ज्या मी इतक्या वेळा वाकून पाहिल्या होत्या. मी त्या ओळखल्या आणि मला स्वतःच्या डोळ्यांची किळस आली.

मामी त्याच्याजवळ बसली होती. पदरानं माश्या वारत होती. त्याच्या अंगावर चादर नव्हती, डोक्याखाली काही नव्हतं, एक पाय अवघड वाकलेला होता तो कुणी सरळ केला नव्हता. कडक ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

"हात नाई लावला," मामी म्हणाली. "कोनालेच नाई लावू देल्ला. जसे पडले तसेच हायत. तुमी पाहून घ्या."

मी खाली बसले.

"मामी, मी गुरांची डॉक्टर आहे. माणसाचं मी नाही पाहत."

"तुमीच पाहाता म्हनत होते हे."

मी खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्यावर घातली. बैठकीसाठी नेसलेल्या साडीवरची चांगली शाल होती. नाकेदार म्हणाला, "मैडम, पंचनामा बाकी..." आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला. मग त्यानंच खाली वाकून मामाचा पाय सरळ केला.

पोलीस आले, जंगलखात्याचे साहेब आले, लिहिणं झालं. शवविच्छेदनासाठी मामाला कटंगीला न्यायचं होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, तिच्यात धानाचा पेंढा पसरला, चौघांनी त्याला वर ठेवलं. मामी वर चढली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. या सगळ्यात एका बाजूला जेसीबी येऊन उभं होतं. सकाळी मामानंच त्याला बोलावलं होतं. त्याच्या फावड्यात चुन्याच्या गोण्या होत्या. ड्रायव्हरनं खाली उतरून मला हळूच विचारलं, "मैडम, गड्ढा कहाँ करूँ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नियम साधा होता, गाय आजच्या आज पुरायची. दिवस उतरणीला लागला होता. जंगलखात्याचे साहेब फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि मी विचारल्यावर त्यांनी फोनवर हात ठेवून एवढंच म्हटलं, "आप देख लीजिए, आपका विषय है." गावातली घरं तिथून स्पष्ट दिसत होती. दारं लागत होती, आया मुलांना हाका मारून आत घेत होत्या. समोर रानात कुठेतरी तो बसला असणार, कितीतरी दिवसांचा उपाशी. दर वेळी मारलेलं आपण उचलून नेलं होतं आणि आज तर त्याला माणूस मारणं किती सोपं असतं ते कळलं होतं. ही गायही पुरली तर आज तो कुणाच्या अंगणात येईल, याचा मी विचार केला. फार वेळ लागला नाही.

मी जेसीबीवाल्याला सांगितलं की खड्डा करायचा नाही. चुना इथंच उतरव, गाय फावड्यात घे आणि नाल्यापलीकडे आत नेऊन ठेव, जिथवर गाडी जाईल तिथवर. नाकेदार तुझ्याबरोबर येईल. ठेवून लगेच परत फिरायचं. तिथं कुणी थांबायचं नाही. जिची गाय होती ती बाई पुढं आली आणि काही विचारणार होती, पण तिनं विचारलं नाही. मी तिच्या कागदावर सही करून टाकली. मंडळाला जे करायचं ते करू दे.

धुऱ्यावरचा रस्ता एकच आणि अरुंद. जेसीबीनं गाय उचलली आणि ते जंगलाच्या बाजूला वळायला लागलं, तेवढा वेळ ट्रॉलीला थांबावं लागलं. मी ट्रॉलीपाशी उभी होते. मामी बघत होती. गाईचं डोकं फावड्याबाहेर लोंबत होतं आणि हलत होतं.

"खड्डा तं इकडं खनतेत ना?" मामीनं विचारलं.

"आज खड्डा नाही."

"मंग तिले कुठी नेऊन राह्यले?"

"नाल्यापलीकडे. रानात."

तिचा हात शालीवरून मामाच्या कपाळावर फिरत होता. मग तिला समजलं. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण ट्रॉली हलली नव्हती.

"माह्या मानसाले मारलं त्यानं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. "अन् तुमी त्याले जेवन ठेवून राह्यले?"

"हौ, मामी," मी म्हणाले.